मेन स्विचखालची खुर्ची

एसी दुरुस्त करायला आलेला माणूस आधी काय मागतो? शिडी. दिनाभाऊ खुर्ची मागायचे. मेन स्विच बंद करायचा, त्याच्याखाली खुर्ची मांडायची, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिच्यावर बसवायचं आणि सांगायचं, "काकी, मी सांगंपर्यंत या बटनाला कोणाला हात लावू देव नको. माझा जीव आता तुझे हातान हाय." ती बाई मग अशी काही ताठ बसायची की बघून माझं डोकं उठायचं.

मीही एसीचाच मेकॅनिक, रोह्याचा. दिनाभाऊ पेणचे, मिठागरवाल्यांच्या घरातले, वयाने माझ्याहून बरेच मोठे. पेणमध्ये त्यांनी हवं ते करावं, माझी ना नव्हती. पण ते स्कूटर काढून रोह्यात यायचे आणि रोह्यालगतच्या वरसे गावातल्या नव्या बंगल्यांतली माझी गिऱ्हाइकं त्यांची वाट बघत उकाड्यात बसायची. मी त्याच दिवशी जायला तयार असताना! मी गेलो की झटपट काम उरकतो. हे आधी चहा घेणार, मग चौकशी करणार. पंखा मध्येच हळू होतो काय? दिवा मिणमिणतो काय? जळका वास आधी कोणाला आला? यांच्या बॅगेची चेन उघडेपर्यंत माझं निम्मं काम झालं असतं.

एकदा मात्र ते सापडले. वरशातल्या एका मास्तरांना त्यांनी सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. मास्तरांनी खात्रीसाठी मला बोलावलं. मी बाहेरचं युनिट उघडलं, तर उंदराने कुरतडलेली एक वायर. ती बदलली आणि कॉम्प्रेसर घुमायला लागला. मी हवेत होतो. पण दिनाभाऊंनी स्वतःच ती गोष्ट बाजारभर सांगत सुटावं? "माझी चूक रोह्याचे पोरान पकरली. पोराचा हात लय साफ हाय!" लोक म्हणाले, काय मोठ्या मनाचा माणूस! चूक त्यांची, हात माझा आणि कौतुक पुन्हा त्यांचंच. पुढच्या उन्हाळ्यात मास्तरांनी फोन केला तोही त्यांनाच.

हेही मी गिळलं असतं. पण मग रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या घरातला एसी बंद पडायला लागला. मी नागोठण्याला एका कंपनीत, यंत्रं बंद ठेवून करतात त्या वार्षिक दुरुस्तीच्या कामावर अडकलो होतो. मी येईपर्यंत थांब, असं आईला बजावलं होतं. घरी आलो तर एसी चालू आणि आईचा थाट असा की तिनेच तो दुरुस्त केलाय.

"दिनाला बोलावला," ती म्हणाली. "त्यानं इचारलं, काकी, गणपतीत लायटीच्या माळा कुठून लावल्या होत्या? मी सांगितलं, एसीचं सॉकेट खोलून. तिथंच वायर ढिली राहून काळी पडलेली. माझ्यामुळं सापडलं बघ!"

माळा मी लावल्या होत्या. हे तिने त्यांना सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण तिने ही गोष्ट अष्टमीतल्या प्रत्येक घरात सांगितली. मी आजवर एवढे एसी दुरुस्त केले, त्यातल्या एकाचीही गोष्ट ती कुणाला सांगत नाही. मला दिनाभाऊंचा हेवा वाटायचा. सरळ सांगतो, अजूनही वाटतो.

पुढे दिनाभाऊंचे गुडघे गेले. शिडी चढवेना, म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन निघाला. जायच्या आधी ते आमच्याकडे आले, आईशी बराच वेळ बोलत बसले आणि निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता रोहा तुझाच." असा कुणी दिलेला रोहा मला नको होता. तो मला जिंकायचा होता.

ते गेल्यावर मी आईला विचारलंच, "खरं सांग, हात कुणाचा चांगला? माझा की त्यांचा?"

"तुझाच," आई लगेच म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"

मी खूश झालो. रात्री ती म्हणाली, "दिना पुण्याला पोचला असंल आता. फोन लावून दे ना रे."

मी माझ्याच मोबाईलवरून नंबर लावून दिला. आई बोलत राहिली. शेजारीण हल्ली तुटक वागते. जेवण जात नाय. रात्री पाय ठणकतात, पहाटेपर्यंत डोळा लागत नाय. मध्येच पलीकडून काहीतरी ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. मी दारात उभा होतो. माझ्या आईला रात्र रात्र झोप लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. तेही ती दिनाभाऊंना सांगत होती म्हणून.