लांबची चक्कर

जुनी डिझेल एसयूव्ही पाहायला गेलो होतो. आठ वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली, मागच्या सीट कोऱ्या. फक्त डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा पेटलेला होता.

“धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठलीय,” मी सोबत नेलेला मेकॅनिक म्हणाला. “लांब पळवली की ती जळून जाते. ही गल्लीतच फिरलीय.”

“मुलं परदेशी. मी दूध आणायलाच काढतो,” मालक म्हणाले.

कमी वापर म्हणजे कमी झीज, असा माझा हिशेब. एकटा राहू लागल्यापासून स्वतःलाही तोच लावत आलो.

“काका, तुमचं तरी लांब जाणं होईल ना?” मेकॅनिकने मला विचारलं.

मी मालकांकडे वळलो. “आधी एक लांबची चक्कर मारून बघू.”

“चला की. कुठे जायचं?”

आम्हा दोघांनाही गावाचं नाव सुचेना.