दूध बंद, सुकट सुरू

मैत्रिणींनो, आमच्या ह्यांचे सांधे दुखायचे. दुधा-दह्यानं वात वाढतो असं ग्रुपवर वाचलं नि मी दोन्ही बंद केलं. कॅल्शियम मिळावं म्हणून उत्तनच्या किनाऱ्यावरची सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, रोज वाढत होते.

आज सकाळी ह्यांच्या पायाचा अंगठा सुजून लालभडक! चादर लागली तरी ओरडले. मला वाटलं, पाय गेला.

दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, हा गाउट वाटतोय, रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो. त्यात सुकट वाईट, तिनं ते ॲसिड आणखी वाढतं. कमी सायीचं दूध उलट चाललं असतं. कोणी बंद करायला सांगितलं?"

हे कण्हत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या घरच्या डॉक्टरांनी."

मला हसूसुद्धा आलं नाही. त्या ॲसिडनं किडनीला इजा झालीय का, त्याचा रिपोर्ट संध्याकाळी येणार आहे.

डॉक्टरांना न विचारता तुम्ही कोणाच्या ताटातून काय काढलंय गं?