शॉनच्या खिशातलं खोबरं

नारळ फोडला की त्या ओल्या वासासरशी मी आयर्लंडमधल्या लिमरिकच्या माझ्या किचनमधून उठून थेट २०२१च्या ऑगस्टमधल्या त्या होडीत जाऊन बसते.

अणुचाचणीविरोधी दिनाच्या निषेधफेरीसाठी आम्ही पाच जण ड्रोहेडाजवळून शिडाच्या होडीतून निघालो होतो. आभाळ राखाडी, तोंडावर ओले मास्क, निषेधाचं कापड शिडाला चिकटलेलं. मी अलिबागच्या कोळ्यांची मुलगी. नारळ वाहिल्याशिवाय होडी काढणं मला जमणारच नव्हतं. एक नारळ समुद्राला दिला, दुसरा नांगरावर फोडून प्रसाद वाटला.

सुकाणूवरच्या म्हाताऱ्या शॉनने तुकडा घेतला आणि नुसताच हातात धरून बसला.

"दातांना झेपत नाही का?" मी हसून विचारलं.

"नाही गं, ग्रँड आहे," असं आयरिश थाटात 'ठीक आहे' म्हणत त्याने तो खिशात टाकला. मला रागच आला. प्रसाद निदान जिभेला तरी लावायचा!

त्याच हिवाळ्यात शॉन गेला. तेव्हा त्याच्या मुलीकडून कळलं, की तरुणपणी तो अशीच होडी घेऊन पॅसिफिकमध्ये चाचणी रोखायला गेला होता. पोचेपर्यंत स्फोट होऊन गेला होता. तिथल्या बेटावर एका बाईने पाहुणा म्हणून सवयीने त्याला नारळ फोडून दिला, आणि लगेच घाबरून त्याच्या हातातून काढून घेतला. स्फोटाच्या किरणोत्सर्गामुळे त्यांच्या झाडांचे नारळ आता कुणी खायचे नव्हते.

बोलता बोलता शॉनच्या मुलीने माझ्यापुढे एक वाळलेला तुकडा धरला. "डॅडच्या कोटात सापडला. हा कुठला?"

"मीच दिलेला," मी म्हणाले. "खा म्हणून."