सदऱ्याचा वास

नातसून अंडी उकडायला ठेवते, तेव्हा मला घरात बसवत नाही. तोच वास पुण्याच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होता. माझी एम.एस्सी. थोरल्या दादाने सोडायला लावली, असं घरात अजून सांगतात. ते खरं नाही.

छप्पन-सत्तावन्नचं साल असेल. मला अभ्यास झेपत नव्हता. सर म्हणाले, "परीक्षेआधी नाव काढून घे, नापासाचा शिक्का बसणार नाही." त्याच दिवशी नाव काढून मी चिंचवडला परतलो. घरी काय सांगावं, ते सुचत नव्हतं.

दारातच माळकरी दादाने माझा सदरा हुंगला. "अंडी खातूस व्हय रं? असलं शिक्षान न्हाई पायजे आपल्याला! उद्यापासनं मळ्यात चल."

तो वास प्रयोगातल्या वायूचा होता. मी सांगितलं नाही. मान खाली घालून म्हणालो, "बरं दादा."

गाव दादालाच बोल लावत राहिलं, आणि दादा स्वतःला. पुढे माझा मुलगा कॉलेजला निघाला, तेव्हा म्हातारा दादा त्याच्या पिशवीत भाकरी ठेवत म्हणाला, "काय बी खा बाबा, पन शीक."

मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.