गॅरेजवरची ठेंगणी खोली

‘मी दमलेय,’ हे आमच्या अक्का ‘मी मल्लेश्वरमला राहते’ अशा सुरात सांगायच्या. त्यात तक्रार नसे, पत्ता असे. पाहुणा दारात चपला काढत असायचा आणि अक्का म्हणायच्या, ‘या, बसा. मी दमलेय. कॉफी घेणार ना?’ पाहुण्याला वाटे, ही यांची बोलायची पद्धत. तो कॉफी घ्यायचा, जेवायचा आणि बहुतेक वेळा राहायचासुद्धा.

मीही त्यांतलाच. अक्का माझ्या आईच्या चुलतबहीण. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सांगलीहून बंगलोरला आलो तो नोकरी लागेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे उतरलो. नोकरी लागली, तसा खोली मिळेपर्यंत म्हणून राहिलो. खोली शोधायला सवड रविवारची, आणि रविवारी अक्का बिशीबेळे भात करायच्या. अशी मी तिथे काही वर्षं काढली. ‘लग्न कर रे,’ अक्का म्हणायच्या, ‘म्हणजे दुसरं कुणीतरी दमेल.’

घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं आणि आलेगेले. यांतल्या कुणालाही कधीच काही सापडत नसे. चहाची पूड, छत्री, रेशनची पिशवी, धाकट्याचा मोजा, काहीही हरवलं की एकच हाक, ‘अक्का!’ अक्का दिवसभर हाकेमागे फिरत. ‘माणसं वाईट नाहीत रे,’ त्या एकदा मला म्हणाल्या. ‘फक्त फार आहेत.’

आवाराच्या पुढच्या कोपऱ्यात, घरापासून सुटं, एक गॅरेज होतं. यजमान गेल्यावर मोटार विकली आणि ते रिकामं पडलं. एका रात्री जेवणं चालू असताना अक्का म्हणाल्या, ‘गॅरेजवर मला एक खोली बांधून द्या.’ थोरली सून लगेच खुलली. ‘छानच होईल! पाहुण्यांची सोय होईल.’ अक्कांनी डाव आमटीत तसाच सोडला आणि मागीलदारी जाऊन उभ्या राहिल्या. मी ताक मागायला मागे गेलो, तेव्हा म्हणाल्या, ‘गेली बघ माझी खोली. बांधायच्या आधीच.’

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी मदत करतो, ही माझी जुनी खोड. घरात इंजिनियर म्हणून माझा मान होता. मी पंपांचा इंजिनियर आहे, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. टेप घेऊन मी सगळं आवार मोजलं आणि झकास नकाशा काढला. त्यात जिना होता, तुळस होती, शेजाऱ्यांचं चिक्कूचं झाड होतं. त्या कोपऱ्यावरून गेलेल्या विजेच्या तारा तेवढ्या नव्हत्या. मी जमीन मोजली होती, आणि तारा जमिनीवर नव्हत्या.

काम सुरू झालं, गॅरेजवर भिंती खांद्याच्या वर आल्या. एका सकाळी गवंड्याच्या माणसानं कोपऱ्यातल्या खांबासाठी लांब सळई उचलली आणि वर उभी करायला घेतली. मी खाली नकाशात बघत होतो. अक्का सगळ्यांसाठी कॉफी घेऊन येत होत्या.

‘इळिसी! खाली घे! खाली!’

अक्कांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माणूस दचकला, सळई आडवी पडली. तिचं टोक तारेपासून किती दूर होतं हे मला आजही आठवायचं नाही. अक्का वाळूच्या ढिगावर बसल्या. सगळी कॉफी सांडली होती. त्या दिवशी त्या ‘दमलेय’ म्हणाल्या नाहीत.

दुपारी वीजखात्याचा माणूस आला. त्यानं वर पाहिलं, मग नकाशा पाहिला. ‘प्लॅन यारु माडिद्दु?’ कुणी केला हा, असं त्यानं विचारलं आणि सगळं घर माझ्याकडे वळलं. त्यानं कोळशानं भिंतीवर रेघ ओढली. छप्पर याच्यावर जायचं नाही, तारांच्या बाजूला खिडकी नाही, जिना पलीकडून.

रेघ खोलीच्या जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर होती. मी मान खाली घालून अक्कांकडे गेलो. ‘पाडून टाकू या, अक्का. कोंबड्यांचं खुराडं होईल ते.’

‘स्वल्प थांब. मी उभी राहीन ना त्यात?’

‘तुम्ही राहाल. बाकी सगळ्यांना वाकावं लागेल.’

‘सगळ्यांना?’

‘नातवंडं सोडून सगळ्यांना.’

अक्कांनी थोरल्या सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘सरी. मग घाला पत्रे.’

मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणताहेत. पत्रे पडले. पहिलाच पाहुणा, कोल्हापूरचे एक आडदांड मामा, दारातच कपाळ आपटून घेऊन रात्री परत मोठ्या घरात झोपायला आले. दुसरा आलाच नाही. सुना एकदा वाकून गेल्या, कंबर धरून उतरल्या. दुपारची जेवणं आटोपली की अक्का वर जात. खालून हाका येत, ‘अक्का, चहाची पूड?’ वरून काही नाही. बोलवायला जायचं तर जिना चढून वर वाकायचं. हळूहळू घरातल्यांना चहाची पूड सापडायला लागली.

नव्व्याण्णवच्या सुमारास मी पुण्याला निघालो. अक्का कुणालाही निरोप द्यायला दारापर्यंत यायच्या, तळहातावर दही घालायच्या, डब्यात चित्रान्न द्यायच्या. मी बॅग खाली ठेवली, जिना चढलो, वाकलो आणि कडी वाजवली.

‘कोण?’

‘मी, अक्का. निघालो.’

आत खाट करकरली. मला वाटलं, उठल्या. त्यांनी कूस बदलली होती.

‘दही ओट्यावर आहे, घे तुझं तू. डबा भरलाय. सांभाळून जा रे बाळा. मी आत्ताच पडलेय.’

मी तसाच वाकून उभा. अजून काही म्हणतील असं वाटत होतं. म्हणाल्याही.

‘आणि जाताना गेट लावून घे. कुणीतरी येईल.’

अक्कांना मी शेवटचं पाहिलं असं म्हणता येत नाही, शेवटचं ऐकलं. खाली येऊन मी दही घेतलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातली वाटी विसळून पालथी घातली, आणि गेट लावलं. लागलंय ना, ते एकदा ढकलूनही पाहिलं.