टपरीवाल्याने उचललेला फोन

"फोन खाली ठेव राही. ठगाचा हाय तो."

"ठग हाय का माणूस हाय, ते मी बघते. तुमी जरा गप बसा, कोंडूदादा."

"मग बोर्ड कशाला लावलास दाराला? फोन येतो, पोरगा मशिनीत सापडला सांगतात, आपण धावत सुटतो आन् वाटेत लुटले जातो. तूच लिवलंस ना?"

"मीच लिवलं. त्याच्या खाली काय लिवलं तेबी वाचा. खात्री करा, असं लिवलंय."

किन्हवलीच्या एसटी थांब्यासमोर माझ्या मावशीचा, राहीचा, फोनबूथ होता. नवरा गेल्यावर तिने तो घेतला आणि सात वर्षं एकटीने चालवला. आसपासच्या वाड्यापाड्यांत कुणाकडे फोन नव्हता, म्हणून सगळ्यांचे निरोप तिच्याकडे यायचे. तिचा एक नियम होता. वाईट निरोप आला की आलेल्या नंबरावर उलट फोन करायचा, खरं कळल्याशिवाय घरच्यांना सांगायचं नाही. लोक हसायचे. म्हणायचे, राहीबाय यमालापण विचारील, कुठून बोलतोस.

२००३ च्या मार्चमध्ये हसणं थांबलं. मुरबाडकडच्या एका बाईला असा खोटा फोन आला. मागोमाग मोटारसायकलवर माणूस आला, चला, तुमाला घेऊन जातो म्हणाला, आणि रानात नेऊन तिच्या कानातलं ओरबाडून पसार झाला. पंधरा दिवसांनी तसाच फोन आमच्याच गावातल्या बाईजाकाकूसाठी आला. मावशीने कल्याणच्या त्या दवाखान्यात चौकशी केली. तिथे तसा कुणी पेशंटच नव्हता. तेव्हापासून तिचा शब्द म्हणजे शिक्का. पुठ्ठ्याचा बोर्ड तिने तेव्हाच लावला.

आणि त्या दिवशी सकाळी वाशिंदहून फोन आला होता. कोंडूदादांचा पोरगा शेखर कारखान्यात प्रेस मशिनीखाली सापडला, हात चिरडला, डॉक्टरला घरच्यांची सही हवी, बापाला लगेच पाठवा. कुठल्या दवाखान्यात, हे सांगायच्या आत लाइन तुटली. कोंडूदादा नेमके थांब्यावरच होते, म्हणून निरोप लपवता आला नाही. शेखर ठेकेदाराकडे कामाला होता. कारखान्याचा नंबर कुणालाच माहीत नव्हता. बूथमधल्या कॉलर आयडीच्या मशिनवर आलेला नंबर तेवढा होता. मावशीने तो फिरवला.

बराच वेळ वाजला. मग एकाने उचलला. मावशीने विचारलं, दवाखाना का? तो म्हणाला, कसला दवाखाना, ही पानाची टपरी आहे, आणि गिऱ्हाईक उभं आहे म्हणून ठेवून दिला.

मावशी सगळ्यांकडे वळली. "पानाची टपरी हाय."

तेवढंच म्हणाली ती. पण तोवर बूथपाशी आठ-दहा माणसं जमली होती. कोंडूदादांनी सुस्कारा टाकला, हसलेसुद्धा. कुणीतरी म्हणालं, आता मोटारसायकलवाला येतो का बघू या.

तो तासाभराने आला.

गोजर त्याचं नाव. सिद्धगडाच्या पायथ्याचा, शेखरच्या खोलीत राहणारा. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त दिसलं की अनोळखी पोरगा घाईघाईने गाडीवरून उतरतोय, विचारतोय की कोंडूबाबा कोण, आणि म्हणतोय, चला, तुमाला घेऊन जातो. त्याच्या शर्टावर छातीपासून खालपर्यंत रक्त होतं.

"कोंबडी कापून आलास काय रे?" कोंडूदादांनी विचारलं.

तो म्हणाला, शेखरचं हाय. पहिली थप्पड त्यावर बसली. मग गाडी आडवी झाली आणि सगळेच तुटून पडले. मी बूथच्या मागच्या खिडकीत होते, अकरावीची परीक्षा देऊन आले होते. त्याला पाडलं, केस धरून थांब्याच्या कट्ट्यावर त्याचं तोंड आपटलं. दात खळकन सांडले. तो दोन्ही हात डोक्यावर धरून शेखरचं नाव घेत होता, आणि जितकं नाव घेई तितका मार वाढे. बरगडीवर लाथ बसली की ओल्या पोत्यावर बसावी तसा आवाज यायचा. शटर ओढायचा लोखंडी आकडा मावशीच्या खुर्चीशी टेकवलेला असायचा. कोंडूदादा आत आले, त्यांनी तिच्यासमोरून तो उचलला. तिने अडवलं नाही. आकड्याचं टोक गोजरच्या डाव्या डोळ्यात गेलं. तो ओरडला नाही, लहान पोर दम लागल्यावर करतं तसा हुंकार फक्त आला.

फोन वाजला. नंबर तोच.

मावशीने उचलला. पलीकडे मुकादम होता. मावशीने सवयीने विचारलं, कुठून बोलता?

"टपरीवरच्या रुपया टाकायच्या डब्यावरून. दवाखान्यातला फोन बाहेरच्याला देत नायत ना. बाप निघाला का?"

"निघतायत."

"आता सावकाश या म्हणावं," तो म्हणाला.

तिने बाहेर जाऊन कोंडूदादांच्या हातातला आकडा काढून घेतला आणि सांगितलं. त्यांचा सदरा आता गोजरच्या शर्टासारखाच झाला होता.

वेळेवर सही झाली असती तर शेखर जगला असता का, हे डॉक्टरने नीट सांगितलं नाही. मावशीने मात्र विचार सोडला नाही. ज्याच्या घरी फोन नाही तो डब्यावरूनच बोलणार. तिचं पोट अशाच माणसांवर चालत होतं. हे तिला कळायला नको होतं?

पोलिसांत गोजरने जबाब दिला की मारणारी माणसं अनोळखी होती. कोंडूदादांचं नाव नाही, कुणाचंच नाही. मावशीला हे सहन होईना. मे महिन्यात मला सोबत घेऊन ती मुरबाडमार्गे त्याच्या घरी गेली. गोजर भिंतीला टेकून बसला होता. डाव्या डोळ्याच्या जागी शिवलेली कातडी. त्याच्या आईने, जनीबायने, पाणी दिलं, कोण तुमी म्हणून विचारलं. मावशीने सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता.

मग मावशी त्याच्याकडे वळली.

"टपरी हाय असं मीच सांगितलं. माझ्या शब्दावर मारलं त्यांनी तुला. चल माझ्यासंगती पोलिसांत, माझं नाव घे, कोंडूदादांचं घे. का नाय घेत रे बाबा?"

गोजरने उजवा डोळा तिच्यावर रोखला. मग तो उठला, डाव्या हाताने चौकट चाचपली आणि आमच्या मधून वाट काढत उन्हात निघून गेला.