डावा कान

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सुभद्रेजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. आज का सांगतो आहे? नीटसं मलाही कळत नाही. ती गेल्या हिवाळ्यात गेली, एवढंच.

वाशीमला तेव्हा आमच्या दोन खोल्या होत्या, मागे थोडं परस, आणि माणसं तीन — माय, सुभद्रा आणि मी. मी जिनात कामाला. कापसातली सरकी काढणारे रेचे दिवसभर घरघरत. घरी यावं तर तिथं वेगळीच घरघर. भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं, माठ कुणी उघडा ठेवला. दोघी वाईट होत्या का? मुळीच नाही. दोघींचा माझ्यावर जीव होता, म्हणून तर निवाडा माझ्याकडूनच हवा असायचा.

एका हंगामात माझा डावा कान फुटला. ऐकू येईनासं झालं. वैद्याचं औषध घेतलं, आणि होळीच्या आत कान बरा झाला. अगदी बरा. पण मधल्या दिवसांत घर किती शांत होतं म्हणून सांगू! माय सुभद्रेला म्हणायची, "राहू दे वो, येका कानानं काय काय ऐकन तो?" मग कान बरा झाल्याचं मी — मी सांगितलंच नाही. जेवताना डावी बाजू चुलीकडे करून बसायचं. तिकडून हाक आली की वळायचं नाही. याला खोटं म्हणतात का, असं तेव्हा मनाला विचारत असे.

सुभद्रेनं तो कान जिवापाड जपला. रविवारी जीन बंद असे, माय देवळात गेलेली असे. ही तेलात लसूण तळायची, कोमट करायची आणि माझं डोकं मांडीवर घ्यायची. उजवा कान तिच्या मांडीत दबलेला, डावा वर. तिच्या लेखी मी त्या वेळी ठार बहिरा. आणि मग ती बोलायची. शेजारणीची नक्कल करायची. मायच्या हातच्या फोडणीची तारीफ करायची — तोंडावर कधी केली नाही ती! एकदा म्हणाली, "झोपले की लेकरासारखे दिसता तुमी." इतकं गोड मला समोरून कुणीच बोललं नव्हतं. कान बरा झाला म्हणून सांगितलं असतं, तर हे सगळं बंद झालं असतं. पण ते कारण पुढे करून मला सुटायचं नाही.

माझी बहीण बाळंतपणाला आली, तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी तेल घालता घालता सुभद्रेचा हात थांबला.

"आसेगावहून निरोप आला होता, तुमी जिनात होते तवा. बाबानं अंथरूण धरलं म्हणते. आत्याबाई म्हणाल्या, बाळंतपण होऊ दे, मंग जाजो. मले लय पाहावंसं वाटून राह्यलं वो त्यायले. पन तुमाले सांगितलं, त तुमाले मायशी भांडा लागन. थांबतीन बाबा तेवढं."

माझ्या गालावर थेंब पडला. तेलाचा नव्हता.

मी डोळे मिटून पडून राहिलो.

सोंग उघडं पडेल म्हणून? छे. बाजारात आसेगावचा माणूस भेटला, त्यानं सांगितलं, एवढं मायला म्हटलं असतं तरी भागलं असतं. रोज खोटं वागणाऱ्याला आणखी एक खोटं जड होतं का? पण मग मायचा रुसवा आला असता, आदळआपट आली असती. तेवढ्याला मी भ्यालो. उठलो, भाकर खाल्ली, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

बहिणीचं बाळंतपण व्हायच्या आधीच सासरे गेले.

तेराव्याला आसेगावात मोठ्या मेव्हण्यानं मला सगळ्यांदेखत विचारलं, "पाव्हणे, निरोप धाडला होता ना आमी? काहून नाही आणलं तिले?"

मी तोंड उघडायच्या आत सुभद्रा दारातून बोलली, "त्यायले काही बोलू नको दादा. मीच सांगितलं नाही त्यायले. माहीत असतं, त एक घडी थांबले नसते ते."

मेव्हण्यानं माझ्यापुढे हात जोडले. हाताला धरून पाटावर बसवलं, आग्रह करकरून वाढलं. मी जेवलो. सगळं जेवलो.

त्यानंतर कान बरा झाल्याचं सांगणं झालंच नाही. सांगितलं असतं तर ती आधी हसली असती, देवापुढे साखर ठेवली असती, आणि मग सहज विचारलं असतं — "कवापासून?"

त्या रविवारच्या कितीतरी आधीपासून, सुभद्रे. तुझा शब्द न् शब्द मी ऐकला होता.